एकाच कामासाठी बारा मेथड! जावाच्या 'लिस्ट.ऑफ'मागचं गणित नेमकं काय आहे?

जावा शिकणाऱ्या कुणीही 'लिस्ट.ऑफ' या मेथडची अधिकृत माहिती उघडली, की आधी वाटतं छपाईत काहीतरी घोळ झालाय. पहिली 'लिस्ट.ऑफ' काहीच न घेणारी. दुसरी एक वस्तू घेणारी. तिसरी दोन घेणारी. मग तीन, चार, पाच असं करत गाडी थेट दहापर्यंत जाते. आणि सगळ्यात शेवटी येते बारावी, जिचं म्हणणं असतं, "कितीही द्या, मी घेते!"

आता कुणालाही पडेल असा प्रश्न. शेवटची मेथड कितीही वस्तू घेऊ शकते, तर आधीच्या अकरा ठेवल्याच कशाला?

ही मेथड सप्टेंबर २०१७ मध्ये जावाच्या ९व्या आवृत्तीबरोबर आली. ती आणणाऱ्यांना बारावीवर काम भागतं हे माहीत नव्हतं असं अजिबात नाही. उलट या अकरा मेथडमुळे पसारा वाढतो, हे त्यांनी आपल्या प्रस्तावातच मान्य केलं होतं. तरीही त्या ठेवल्या. कारण एकच, कचरा वाचवायचा होता. कॉम्प्युटरच्या मेमरीतला कचरा.

हे समजायला आधी दोन शब्द पाहू.

एकाच नावाच्या, पण वेगवेगळ्या संख्येच्या किंवा प्रकारच्या गोष्टी घेणाऱ्या अनेक मेथड लिहिल्या, की त्यांना 'ओव्हरलोड' म्हणतात. आणि 'किती येतील ते सांगता येत नाही, येतील तेवढ्या घे' असं सांगणारी एकच मेथड लिहिली, की तिला म्हणतात 'व्हारआर्ग्ज', म्हणजे बदलत्या संख्येचे आर्ग्युमेंट्स. जावात ही सोय २००४ साली, ५व्या आवृत्तीत आली. प्रकारानंतर तीन टिंबं दिली की झालं. प्रोग्रामर मंडळींना ती लगेच आवडली, आणि आवडणारच. जिथे दहा मेथड लिहाव्या लागायच्या, तिथे एक पुरायला लागली.

पण ही तीन टिंबं फुकट नाहीत.

किराणा दुकानात तुम्ही फक्त एक साबण घेतला, तर दुकानदार तो तसाच हातात देतो. दोन वस्तू असल्या तरी हातात मावतात. पण समजा दुकानाचा नियमच असा आहे, की काहीही घ्या, एक काडेपेटी का असेना, ती पिशवीत घालूनच मिळणार. आणि पिशवी दर वेळी नवी कोरी. घरी पोचलात, वस्तू काढली, पिशवी टाकून दिली. व्हारआर्ग्जचं अगदी असंच चालतं. तुम्ही मेथडला तीन गोष्टी दिल्या, की कंपायलर गुपचूप तीन खणांचा एक ॲरे तयार करतो, त्यात त्या गोष्टी भरतो आणि तो ॲरे मेथडच्या हवाली करतो. कोडमध्ये ही पिशवी दिसत नाही, त्यामुळे आपण तिचे पैसे मोजतोय हे लक्षातही येत नाही. जावाचं व्हर्च्युअल मशीन तर ही तीन टिंबं बघतच नाही. त्याच्यापर्यंत पोचतो तो साधा ॲरे.

ही पिशवी केवढी असते? जावाच्या नेहमीच्या ६४-बिट मशीनवर, नेहमीच्या सेटिंगमध्ये, ॲरेच्या स्वतःच्या नोंदीलाच १६ बाइट लागतात. त्यानंतर प्रत्येक खणाला ४ बाइट. म्हणजे तीन खणांचे झाले २८. जागा ८ च्या पटीत दिली जाते, त्यामुळे प्रत्यक्षात जातात ३२.

बत्तीस बाइट म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. आणि एका कॉलपुरतं ते खरंही आहे.

खरी मेख पुढे आहे. मेथड 'ऑब्जेक्ट' प्रकारचे आर्ग्युमेंट्स घेत असेल आणि तुम्ही तिला साधे आकडे दिले, तर प्रत्येक आकड्याला आधी एका ऑब्जेक्टच्या डबीत बंद करावं लागतं. याला 'बॉक्सिंग' म्हणतात. उणे १२८ ते १२७ या आकड्यांच्या डब्या जावा आधीच तयार करून ठेवतं. त्यापलीकडचा आकडा आला, की सहसा नवी डबी, म्हणजे आणखी १६ बाइट. तीन मोठे आकडे दिले तर तीन डब्यांचे ४८ आणि पिशवीचे ३२, मिळून ८०. हे सेकंदाला १० लाख वेळा घडलं, तर दर सेकंदाला ८ कोटी बाइट, साधारण ८० एमबी, निव्वळ पिशव्या आणि डब्या. त्यात माल किती? बारा-बारा बाइटचा!

सेकंदाला १० लाख वेळा कुठली मेथड बोलावली जाते, असं कुणी विचारेल. तर त्याचं उत्तर आहे लॉगिंग.

न लिहिलेल्या नोंदीचाही खर्च

कुठलाही मोठा सर्व्हर, मग तो बँकेचा असो, रेल्वे बुकिंगचा असो की शेअर बाजारातल्या खरेदी-विक्रीचा, सतत आपली रोजनिशी लिहीत असतो. अमुक ग्राहक आला, अमुक रक्कम, इतका वेळ लागला. यासाठी कोडमध्ये जागोजागी लॉगच्या ओळी पेरलेल्या असतात. त्यातल्या बऱ्याचशा 'डीबग' पातळीच्या, म्हणजे फक्त बिघाड शोधताना चालू करायच्या. एरवी त्या बंद असतात.

पण बंद म्हणजे काय? नोंद लिहायची की नाही, हे लॉगची मेथड आत गेल्यावर तपासते. आणि पिशवी भरली जाते मेथडच्या दाराबाहेर, आत जाण्याआधीच. म्हणजे ॲरे बनला, आकडे डब्यांत गेले, सगळं सामान दारात आलं आणि आतून उत्तर मिळालं, "आज नको." पिशवी तशीच कचऱ्यात. एक अक्षरही लिहिलं गेलं नाही, तरी मेमरी मात्र खर्च झाली.

म्हणूनच जावातल्या एसएलएफ४जे या लॉगिंगच्या लोकप्रिय लायब्ररीत एका आर्ग्युमेंटची वेगळी मेथड आहे, दोनची वेगळी आहे आणि तीनपासून पुढे व्हारआर्ग्ज आहे. लॉग४जे याहून पुढे गेलं. २०१६ मध्ये आलेल्या त्याच्या २.६ आवृत्तीचं एक मोठं उद्दिष्टच होतं, की चालू स्थितीत लॉगिंगने कचरा जवळपास तयारच करू नये. त्यासाठी त्यांनी प्रत्येक पातळीच्या लॉग मेथडला दहा आर्ग्युमेंट्सपर्यंत वेगवेगळे ओव्हरलोड दिले. ट्रेस, डीबग, इन्फो, वॉर्न, एरर, फेटल अशा सहा पातळ्या, आणि प्रत्येकीची ही एवढी मोठी पलटण. ते इंटरफेस वाचायला कंटाळवाणं आहे, यात शंका नाही. पण अकरावा आर्ग्युमेंट देईपर्यंत पिशवी लागत नाही. आकड्यांच्या डब्यांचा प्रश्न मात्र ओव्हरलोडने सुटत नव्हता, त्यासाठी त्यांना 'अनबॉक्स' नावाची वेगळी सोय द्यावी लागली.

इतका आटापिटा कशासाठी? कारण मेमरीतला कचरा उचलणारी यंत्रणा, म्हणजे गार्बेज कलेक्टर. आपल्या गल्लीतल्या घंटागाडीसारखीच ती. गाडी येते, कचरा उचलते, गल्ली स्वच्छ होते. पण अरुंद गल्लीत ती उभी राहिली, की मागची वाहतूक तेवढा वेळ थांबते. जावाचे बहुतेक कलेक्टर निदान कामाच्या काही टप्प्यांत प्रोग्रामला असंच थांबवतात. काही मिलिसेकंदच, पण शेअर बाजाराच्या यंत्रणेत ते काही मिलिसेकंद म्हणजे सौदा हातचा गेला. कचरा जितका जास्त, तितक्या गाडीच्या फेऱ्या जास्त.

हे शहाणपण लॉगिंगवाल्यांना पहिल्यांदा सुचलं असंही नाही. व्हारआर्ग्ज ज्या ५व्या आवृत्तीत आलं, त्याच आवृत्तीत 'एनमसेट' नावाचा क्लास आला. त्यात एक ते पाच घटकांसाठी पाच वेगळ्या मेथड आहेत आणि मग सहावी व्हारआर्ग्जवाली. तिच्या अधिकृत माहितीतच स्पष्ट लिहिलंय, की ही बाकीच्यांपेक्षा हळू चालण्याची शक्यता आहे. म्हणजे सोय दिली त्याच दिवशी तिची किंमतही सांगून टाकली! जावाच्या या भागाचे एक प्रमुख शिल्पकार जोशुआ ब्लॉक यांनी 'इफेक्टिव्ह जावा' या पुस्तकात हीच युक्ती समजावून सांगितली आहे. बहुतांश कॉल तीन किंवा त्याहून कमी आर्ग्युमेंट्सचे असतील, तर तेवढ्यांना थेट मेथड द्या. उरलेल्या थोड्यांसाठी तीन टिंबं आहेतच.

इथे एक शंका येते. लिस्ट.ऑफला तीन वस्तू दिल्या, तर तीनवाली मेथडही चालेल आणि कितीही घेणारीही चालेल. मग कंपायलर निवडतो कुणाला? जावाचा नियम याबाबतीत पक्का आहे. कंपायलर तीन फेऱ्यांत शोध घेतो. पहिल्या फेरीत बॉक्सिंग नाही आणि व्हारआर्ग्जही नाही. तिथे कुणी जुळलं नाही, तर दुसऱ्या फेरीत बॉक्सिंगला परवानगी. तरीही नाही, तर तिसऱ्या फेरीत व्हारआर्ग्ज. त्यामुळे नेमक्या संख्येची मेथड असेल तर तीच जिंकते. लिहिणाऱ्याला वेगळं काही करावं लागत नाही. कॉल दिसायला सारखाच असतो, दहा वस्तू द्या नाहीतर अकरा.

आत डोकावलं तर गंमत वेगळीच

लिस्ट.ऑफचा सोर्स कोड सगळ्यांना खुला आहे. तो उघडला तर एक गोष्ट चक्रावून टाकते. एक किंवा दोन वस्तूंची लिस्ट खरोखर ॲरेशिवाय बनते. त्यासाठी 'लिस्ट१२' नावाचा खास छोटा क्लास आहे (बारा नव्हे, एक-दोन!), त्यात दोन वस्तू थेट दोन जागांवर ठेवल्या जातात. पण तीन ते दहा वस्तूंची लिस्ट? ती आतून ॲरेच वापरते. वस्तू ठेवायच्या कुठेतरी लागणारच ना.

मग तीन ते दहाच्या मेथडचा फायदा काय राहिला?

फायदा विश्वासाचा आहे. व्हारआर्ग्जवाल्या मेथडला तीन टिंबांच्या जागी कुणी स्वतःचा तयार ॲरेही देऊ शकतो. आणि तो देऊन झाल्यावर बाहेरून त्यातली वस्तू बदलूही शकतो. लिस्ट.ऑफचं तर वचन आहे, की ही लिस्ट कधीच बदलणार नाही. त्यामुळे बाराव्या मेथडला आलेल्या ॲरेवर भरवसा ठेवता येत नाही, त्याची नक्कल करून घ्यावी लागते. म्हणजे एक पिशवी बाहेरची, एक आतली. तीनवाल्या मेथडमध्ये मात्र ॲरे लायब्ररीनेच आत बनवलेला असतो. तो बाहेर कुणाच्या हाती नाही. त्यामुळे जावाच्या अलीकडच्या आवृत्त्यांत तो नक्कल न करता तसाच वापरला जातो. ओव्हरलोडमुळे पिशवी दर वेळी वाचेलच असं नाही, पण दुसरी पिशवी वाचते.

जावाच्या बाजूने एक मुद्दा सांगायलाच हवा. जावाचा जेआयटी कंपायलर, म्हणजे प्रोग्राम चालू असताना गरम झालेल्या कोडला वेगवान बनवणारा भाग, पिशव्यांच्या बाबतीत बराच हुशार आहे. एखादी व्हारआर्ग्ज मेथड छोटी असेल, तिचा मजकूर थेट बोलावणाऱ्याच्या कोडमध्ये उतरवता आला आणि तो ॲरे तिथून बाहेर कुठे पळत नाही हे सिद्ध झालं, तर तो ॲरे बनवायचाच टाळतो. याला 'एस्केप ॲनालिसिस' म्हणतात. अशा वेळी दोन्ही पद्धतींचा वेग सारखाच निघतो. पण मेथड मोठी झाली, ॲरे कुठे साठवला गेला किंवा आधीच न कळणाऱ्या क्रमांकाने त्यातली वस्तू काढली गेली, की ही सवलत रद्द. प्रोग्राम नुकताच सुरू झालेला असताना तर ती मिळतच नाही. म्हणून हा भरवशाचा कारभार नाही, मिळालं तर बोनस.

आणि ॲरे बनलाच, तरी नवी छोटी वस्तू मेमरीत तयार करणं हे जावात अतिशय स्वस्त काम आहे. त्यामुळे दिवसातून शंभर वेळा चालणाऱ्या मेथडला दहा ओव्हरलोड देणं म्हणजे निव्वळ हौस. जिथे तीच मेथड डेटाबेसला विचारणा करते किंवा फाइल वाचते, तिथे त्या ३२ बाइटचा हिशोब कुणी करूच नये. शंका असेल तर मोजावं. जावासाठी जेएमएच नावाचं साधन आहे. त्यातला गार्बेज कलेक्टरचा प्रोफायलर चालू केला, की एका कॉलमागे किती बाइट खर्च झाले ते नेमकं समजतं.

ओव्हरलोडचंही बिल येतं

पिशवी वाचवणारे ओव्हरलोड वेगळ्या जागी वसुली करतात. प्रत्येक मेथड लिहा, तपासा, तिची माहिती लिहा. सार्वजनिक लायब्ररीत एकदा ठेवलेली मेथड सहजी काढताही येत नाही. तिच्यावर कुणाचा तरी प्रोग्राम उभा असतो. 'मॅप.ऑफ'ची गोष्ट पाहा. तिथे प्रत्येक नोंदीला किल्ली आणि किंमत अशा दोन गोष्टी लागतात, त्यामुळे दहा नोंदींच्या मेथडला तब्बल २० आर्ग्युमेंट्स आहेत. किल्लीचा प्रकार वेगळा आणि किमतीचा वेगळा, त्यामुळे तीन टिंबांनी हे साधता येत नाही. अकरावी जोडी लिहिली की कोड कंपाइलच होत नाही. मग 'मॅप.ऑफएंट्रीज' नावाच्या दुसऱ्याच मेथडकडे जावं लागतं.

शिवाय गोंधळ दोन्हीकडे आहेत. व्हारआर्ग्ज मेथडला नुसतं 'नल' दिलं, तर ते एक रिकामी वस्तू म्हणून जातं की ॲरेच नाही म्हणून? जावा दुसरा अर्थ घेतं, आणि मेथडने त्याची तयारी ठेवली नसेल तर चालू प्रोग्राम कोसळतो. पूर्णांकांचा ॲरे 'ॲरेज.ॲजलिस्ट'ला दिला, तर पाच आकड्यांची लिस्ट मिळण्याऐवजी एकाच वस्तूची मिळते, आणि ती वस्तू म्हणजे तो अख्खा ॲरे. ओव्हरलोडच्या बाजूला लिस्टची 'रिमूव्ह' मेथड आहेच. आकड्यांच्या लिस्टमधून ३ काढा म्हटलं, तर ती किंमत ३ असलेली वस्तू काढत नाही. क्रमांक ३ च्या जागेवरची काढते. कित्येक विद्यार्थ्यांची संध्याकाळ या एका ओळीने खाल्ली आहे.

बाकीच्या भाषांचं काय?

सी भाषेतली 'प्रिंटएफ' ही व्हारआर्ग्जची सगळ्यात जुनी ओळख. तिथे मेमरीत नवी पिशवी बनत नाही. आर्ग्युमेंट्स रजिस्टरमधून आणि स्टॅकवरून थेट जातात. पण ते किती आहेत आणि कोणत्या प्रकारचे आहेत, हे फंक्शनला कळतच नाही. ते फॉरमॅटच्या मजकुरावर डोळे झाकून विश्वास ठेवतं. हा मजकूर बाहेरच्या माणसाच्या हातात गेला, तर तो मेमरीतलं नको ते वाचू शकतो. सुरक्षेतला हा कुप्रसिद्ध दोष. सी++ ने २०११ च्या मानकात वेगळी वाट काढली. तिथे प्रकार तपासले जातात आणि कंपायलर लागेल त्या प्रत्येक जुळणीसाठी स्वतःच वेगळं फंक्शन तयार करतो. ओव्हरलोड लिहायचे कष्ट मशीनवर. बदल्यात तयार होणारा प्रोग्राम फुगतो आणि कंपाइल व्हायला वेळ लागतो.

सी शार्पची कहाणी जावाच्या जवळची. तिथे दोन-तीन मजकूर जोडणाऱ्या 'स्ट्रिंग.कॉनकॅट'ला दोन, तीन आणि चार स्ट्रिंगसाठी वेगळे ओव्हरलोड आहेत. पाचवी स्ट्रिंग आली, की इतकी वर्षं ॲरे ठरलेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सी शार्पची १३वी आवृत्ती आणि डॉटनेट ९ आलं, आणि या जुन्या भांडणात नवा पर्याय मिळाला. आता व्हारआर्ग्जसाठी ॲरेच हवा ही अट गेली. 'स्पॅन' नावाचा प्रकार चालतो, आणि त्यातल्या वस्तू कंपायलर थेट स्टॅकवर मांडू शकतो. स्टॅकवरची जागा मेथड संपताच आपोआप मोकळी होते. घंटागाडीची गरजच नाही. स्ट्रिंग.कॉनकॅट, फाइलचा पत्ता जोडणारी 'पाथ.कम्बाइन' अशा मेथडना हे नवे ओव्हरलोड मिळालेत. दोन्ही पर्याय समोर असले तर कंपायलर स्पॅनवाला निवडतो, त्यामुळे जुना कोड एक अक्षरही न बदलता नव्याने कंपाइल केला तरी फायदा मिळतो.

फक्त कंपाइल पुन्हा करावा लागतो. कोणता ओव्हरलोड वापरायचा हे कंपाइल होतानाच ठरून फाइलमध्ये कोरलं जातं. लायब्ररी नवी टाकली आणि आपला जुना तयार प्रोग्राम तसाच चालू ठेवला, तर तो नव्या मेथडकडे ढुंकूनही बघत नाही. जावातही हेच आहे. लायब्ररीने कितीही चांगला ओव्हरलोड वाढवला, तरी आधीच कंपाइल झालेली फाइल जुनीच पिशवी भरत राहते.